लॉट तीनशे अठराची चिठ्ठी

सिंगापुरात काडतुसं विकणारं दुकान नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मी तिथे नऊ वर्षं काडतुसं सांभाळायची नोकरी केली हे कळलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची शोकेस आणि तिच्यामागे बसलेला मिशाळ मालक उभा राहतो. माझ्या धाकट्या जावेला अजूनही वाटतं की मी बंदुकीच्या दुकानात बिलं फाडत होते. तिला मी चार वेळा समजावलं, पाचव्यांदा सोडून दिलं.

मी एका शूटिंग क्लबच्या स्टोअरची इनचार्ज होते. त्याआधी बारा वर्षं पुण्यात नारायण पेठेत औषधाच्या दुकानात होते. नवऱ्याला हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत नोकरी लागली, आम्ही टॅम्पिनीसला फ्लॅट भाड्याने घेतला आणि माझी बी. फार्म.ची पदवी कपाटात गेली, कारण तिथे ती चालवायची तर पुन्हा परीक्षा द्यायला हव्या होत्या. दीड वर्ष मी घरात डबे लावून पुन्हा लावले. मग ही जाहिरात दिसली. त्यांना परवान्याचा माल सांभाळायचा अनुभव असलेला माणूस हवा होता. मी मुलाखतीत सांगितलं, "मी बारा वर्षं झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांचं रजिस्टर सांभाळलंय, त्यात एका गोळीचा फरक कधी आला नाही." समोरच्या गृहस्थांनी मान डोलावली आणि मी रुजू झाले. बंदूक कुठून धरतात हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

काम समजायला सोपं होतं. तिथे एक काडतूस जरी घरात बिनपरवाना सापडलं तरी प्रकरण तुरुंगापर्यंत जातं. त्यामुळे काडतुसं क्लबच्या जाड दाराच्या खोलीतच राहतात. सभासदाने स्वतःसाठी विकत घेतलेली असली तरी तीही त्याच खोलीत, त्याच्या नावाच्या छोट्या कपाटात. दाराला दोन कुलपं, एकाची किल्ली माझ्याकडे आणि दुसऱ्याची मिस्टर ओंग यांच्याकडे. नेमबाज आला की सही घेऊन मोजून काडतुसं द्यायची. तो नेम मारून आला की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या. पन्नास दिली तर पन्नास आली पाहिजेत. एकोणपन्नास आली तर कोणी घरी जात नाही.

मिस्टर ओंग क्लबच्या रायफली दुरुस्त करायचे. साठीचे, सैन्यातून निवृत्त झालेले, बोलायचे कमी आणि ऐकायचे त्याहून कमी. इथे त्यांचं आणि बाकी सगळ्यांचं बोलणं मी मराठीतच लिहिते आहे; तिथली माणसं वाक्याच्या शेवटी जोडतात तो 'ला' तेवढा त्यांचा ठेवला आहे, कारण त्याला मराठीत कुठे बसवावं मला कळलं नाही.

मी आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्या खोलीची साफसफाई काढली. तिथली पद्धत मला बघवत नव्हती. कपाटांच्या दारांना, खोक्यांना, खुद्द भिंतीला सेलोटेपने चिठ्ठ्या चिकटवलेल्या. 'हे आधी वापरू नये.' 'शनिवारचे.' कोणी लिहिलं, कधी लिहिलं, काही पत्ता नाही. औषधाच्या दुकानात असली चिठ्ठी लावली असती तर इन्स्पेक्टरने दुकान डोक्यावर घेतलं असतं. मी सगळ्या चिठ्ठ्या उतरवल्या, सगळा माल रजिस्टरमध्ये चढवला, आणि औषधांचा नियम लावला: जे आधी आलं ते आधी जाणार. ओंग दारात उभे राहून बघत होते.

"चिठ्ठ्या काढल्या?"

"रजिस्टरमध्ये आहे ते आहे. नाही ते नाही," मी म्हटलं.

"ओके ला," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांचा तो ओके म्हणजे होकार, असं मी समजले.

आता लॉटबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. कारखान्यात एका वेळी, एका यंत्रावर भरलेल्या काडतुसांचा एक लॉट होतो, आमच्या औषधांच्या बॅचसारखा. त्याचा नंबर प्रत्येक डबीवर छापलेला असतो. कंपनी तीच, डबी तीच, काडतूस बघायला तेच. पण लॉट बदलला की रायफलीच्या नळीला ते कळतं. माझ्या सासूबाई एकाच कंपनीच्या दोन बॅचच्या गोळ्या हातात घेऊन "ही मला लागू पडत नाही" म्हणायच्या तेव्हा मी मनात हसायचे. ओंगनी मला पुढे एकदा रायफल लोखंडी पकडीत आवळून दाखवलं. पन्नास मीटरवर कागद. एका लॉटची दहा काडतुसं मारली तर दहाही भोकं नखाएवढ्या जागेत. दुसऱ्या लॉटची दहा मारली तर पसरली. माणसाचा हात मध्ये नव्हताच. दहा गुणांचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं असतं, त्यामुळे एवढ्या पसरण्याने नेमबाजाचं नशीब फिरतं. म्हणून प्रत्येक जण आपल्या रायफलीला मानवणारा लॉट शोधतो आणि मग त्याला धरून राहतो. ह्यानंतर मी सासूबाईंची मनातल्या मनात माफी मागितली.

मिस टॅनच्या रायफलीला मानवायचा तो लॉट तीनशे अठरा.

मिस टॅन बेडोकच्या एका शाळेत गणित शिकवायची. वय अडतीस. बारीक अंगाची, चष्मेवाली, आणि पुंगळ्या परत देताना त्या दहा-दहाच्या ओळीत मांडून देणारी. सगळे सभासद पुंगळ्यांचा ढीग ओतायचे; ही ओळी लावायची. अशा माणसावर माझा जीव न जडता तर नवल. तीन वेळा ती राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावरून मागे आली होती. त्या वर्षी संघात एकच जागा रिकामी होती आणि त्या जागेसाठी तीन चाचण्या होणार होत्या. शाळेने तिला सांगून ठेवलं होतं की पुढच्या वर्षापासून तिच्याकडे विभागप्रमुखपद येणार, म्हणजे शनिवार-रविवारही गेले. "ही शेवटची," ती एकदा सही करताना म्हणाली होती, पेन खाली न ठेवता.

त्याच सुमारास, २०१३च्या आगेमागे, टंचाई आली. अमेरिकेत बंदुकांचे कायदे कडक होणार अशी हवा झाली आणि तिथल्या लोकांनी काडतुसं घरात भरून ठेवायला सुरुवात केली. आमची बारकी पॉइंट टू टूची काडतुसं, जी कधी कोणी मोजून विकत घेतली नसतील, तीच आधी गायब झाली. युरोपातले कारखाने तिकडचा माल पुरवण्यात गुंतले आणि आमच्या ऑर्डरला 'कळवू' असं उत्तर यायला लागलं. मी पुरवठादाराला रोज फोन करायची. तो रोज नवीन कारण द्यायचा. एकही पेटी द्यायचा नाही.

अशात एका शनिवारी आमच्याकडे एका सॉफ्टवेअर कंपनीची चाळीस माणसं आली. कंपन्या असे कार्यक्रम ठेवतात. एकत्र बंदूक चालवली की माणसं जवळ येतात म्हणे. निम्मे पुण्या-मुंबईचे होते. प्रत्येकाला एक डबी, म्हणजे पन्नास काडतुसं. नियमाप्रमाणे मी आधी आलेला माल आधी काढला आणि चाळीस डब्या वाटल्या. संध्याकाळी पुंगळ्या मोजल्या तर एक कमी.

ओंगनी दार लावून घेतलं. "सैन्यात एक कमी असली की सगळी पलटण गवतात रांगते ला," ते म्हणाले. चाळीस इंजिनिअर गुडघ्यांवर बसून चटया उलटायला लागले. मी चेहरे बघत फिरले. एक पुण्याचा मॅनेजर रांगत होता, पण त्याची नजर चटईवर नव्हती. मी त्याच्या कानाशी जाऊन मराठीत म्हटलं, "पँटच्या खिशात आहे ना? आत्ता माझ्या हातात ठेवा, मला चटईखाली सापडली असं सांगते. गेटवर सापडलात तर मी काही करू शकणार नाही."

"वहिनी, फक्त ऑफिसच्या टेबलावर ठेवायला हवी होती हो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला आणि पुंगळी दिली.

दोन हजार पुंगळ्यांमधली एक हरवलेली मी चेहरा बघून शोधली, म्हणून त्या दिवशी माझी कॉलर ताठ होती. रिकाम्या चाळीस डब्या मी स्वतः कचऱ्याच्या पिंपात टाकल्या. त्यांच्यावरचा नंबर मी वाचला नव्हता असं नाही. वाचला होता, रजिस्टरमध्ये लिहिलाही होता. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

तो मंगळवारी कळला. मिस टॅन सरावाला आली आणि तिने तीनशे अठरा मागितला. मी आत गेले. दोन डब्या होत्या.

"अजून असतील," ती म्हणाली. "माझ्यासाठी बाजूला ठेवलाय. ओंगनी चिठ्ठी लावली होती."

तेव्हा मला ती चिठ्ठी आठवली. '३१८ टॅन.' तिरपं अक्षर, पिवळा पडलेला टेप. मला वाटलं होतं कुठल्याशा जुन्या रचनेतला कप्प्याचा नंबर असेल. मीच ती उतरवून फाडली होती. रजिस्टरमध्ये कोणासाठी काय राखून ठेवलंय याचा रकानाच नव्हता, आणि माझ्या लेखी रजिस्टरमध्ये नाही ते नव्हतंच.

मी बाहेर आले आणि म्हणाले, "टंचाई चालू आहे ना. माल येतच नाहीये. सगळीकडे हीच परिस्थिती."

टंचाई खरी होती, म्हणूनच खोटं बोलणं इतकं सोपं गेलं. तिने मान हलवली. मागे ओंग रायफलीला तेल लावत होते. त्यांनी वर पाहिलं आणि परत तेल लावायला लागले.

मग मी शोधाला लागले. पुण्यात एखादं औषध संपलं तर गिऱ्हाइकाला बसायला सांगून आम्ही शेजारच्या दुकानात मुलगी पाठवायचो; ते एक स्ट्रिप द्यायचे, आम्ही माल आला की परत करायचो. म्हटलं, इथेही तेच करू. बेटावर परवानाधारक स्टोअर मोजकीच. मी एकेकाला फोन लावला. एकाने "नाही" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने विचारलं, "तुमच्याकडेच काही शिल्लक आहे का?" तिसरीकडे एनचिक, म्हणजे मिस्टर, सालेह म्हणून वयस्क मलाय स्टोअरकीपर होते. ते म्हणाले, "फोनवर नंबर वाचून दाखवायला माझे डोळे चालत नाहीत. येऊन बघ."

मी गेले, दोन बस बदलून. त्यांच्या खोलीत सुट्या डब्यांचं एक कपाट होतं: कोणी क्लब सोडून गेला, कोणी वारला, कोणाचा उत्साह संपला, त्यांच्या उरलेल्या डब्या. मी खाली बसून एकेक डबी उलटून नंबर वाचत होते आणि सालेह स्टुलावर बसून चहा घेत होते.

"इतकी धडपड कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

"एका सभासदासाठी. तिची शेवटची चाचणी आहे."

"तुझी नातेवाईक?"

"नाही."

"मग तुझ्याकडून काहीतरी बिघडलंय," ते म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. मी पुढची डबी उलटली. मला दोन डब्या सापडल्या. दोन्ही क्लबांची पत्रं, पोलिसांची संमती, आणि बदल्यात आमच्याकडच्या दुसऱ्या लॉटच्या दोन डब्या, एवढं सगळं होऊन त्या आमच्या खोलीत यायला अकरा दिवस लागले. शंभर काडतुसांसाठी जमवलेले ते कागद मी आजही जपून ठेवले असते, पण ते क्लबचे होते.

तर झाल्या चार डब्या, दोनशे काडतुसं. एका चाचणीला साठ मोजायची आणि वीसेक आधी नेम बसवायला, म्हणजे ऐंशी. तीन चाचण्यांना दोनशे चाळीस. एक डबी कमी पडत होती, फक्त एक.

आणि ती डबी माझ्याजवळ होती. खरं तर चार होत्या.

आमच्या सभासदांत ऋचा म्हणून नाशिकची मुलगी होती. विद्यापीठात पीएचडीनंतरचं संशोधन करायची, महिन्यातून एखादा रविवार मन मोकळं करायला नेम मारायला यायची. तिच्या नावच्या कपाटात तीनशे अठराच्या चार डब्या होत्या. तिने त्या केव्हातरी सहज घेतल्या होत्या. लॉट म्हणजे काय हेही तिला माहीत नसावं. मी रोज त्या खोलीत जायचे आणि ते कपाट माझ्या कोपराला लागायचं.

मी तिला विचारलं नाही. माझ्या धंद्याचा पहिला धडा होता की कोणाच्या पिशवीत कोणतं औषध गेलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. पेठेत मला सगळ्यांचे आजार माहीत होते आणि बारा वर्षांत एक शब्द माझ्या तोंडून गेला नाही. इथेही तोच नियम: एकाच्या कपाटात काय आहे ते दुसऱ्याला कळता कामा नये. मिस टॅनला मी सांगू शकत नव्हते, हे बरोबरच होतं. पण ऋचाला मी तिच्याच कपाटाबद्दल विचारलं असतं तर कुठला नियम मोडला असता? कुठलाच नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. ऋचा विचारणार होती, "का हो काकू, कशासाठी?" आणि मग मला चिठ्ठीपासून सगळं सांगावं लागलं असतं. ते एकदा क्लबात पसरलं की 'एका गोळीचा फरक नाही' म्हणणारी बाई खोटी पडली असती. मी नियमाचं नाव पुढे केलं आणि मागे लपले. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, विचारून टाक की." मी त्याच्यावरच चिडले.

पहिल्या दोन चाचण्या मिस टॅनने तीनशे अठरावर मारल्या. दोन्हींनंतर ती यादीत पहिली होती. चाळीस काडतुसं उरली. तिसरीला तिने ती घेतली नाहीत, कारण मध्येच लॉट बदलला तर गोळ्या पडायची जागाच हलते. तिने दुसऱ्या लॉटच्या दोन डब्या सही करून घेतल्या. मी मोजून दिल्या.

एकूण बेरजेत ती सहा दशांश गुणांनी मागे पडली. तिथे गुण दशांशात मोजतात. लॉटमुळे झालं, की हात थकला, की वारा फिरला, हे कोणी सांगू शकत नाही आणि मीही सांगत नाही. ती परत आली, पुंगळ्या दहा-दहाच्या ओळीत मांडल्या, सही केली आणि गेली. नेहमीसारखंच.

दोन महिन्यांनी ऋचाला जर्मनीत नोकरी मिळाली. ती कपाट रिकामं करायला आली. काडतुसं देशाबाहेर नेता येत नाहीत. एक तर क्लबला द्यायची, नाही तर दुसऱ्या सभासदाच्या नावावर करायची.

"हे चार बॉक्स कोणाला तरी देऊन टाका काकू," ती म्हणाली. "उगाच पडून होते. उपयोगाचे असते तर केव्हाच दिले असते. मला विचारायचं ना."

तिने ते अगदी सहज म्हटलं आणि फॉर्मवर सही केली. मी खुर्चीत बसले. मला इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही.

त्या शनिवारी मिस टॅन आली तेव्हा चार डब्या मी काउंटरवर ठेवल्या. आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: चिठ्ठी मी फाडली, तुझा लॉट मी कंपनीच्या कार्यक्रमात वाटला, टंचाईचं कारण पुढे केलं, आणि ह्या डब्या तेव्हाही ह्याच खोलीत होत्या. ओंग शेजारीच होते. मी मुद्दामच त्यांच्यासमोर बोलले.

मिस टॅनने चष्मा काढून पुसला.

"चाळीस होत्या," ती म्हणाली.

"काय?"

"रिकाम्या डब्या. त्या शनिवारी संध्याकाळी मी पाण्याची बाटली टाकायला गेले तर पिंपात दिसल्या. मी मोजल्या."

"म्हणजे मंगळवारी तू मागितलास तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज सगळीकडे फोन लावत होता ना. मला वाटलं, आज सांगतील. नाहीतर उद्या." तिने चष्मा परत लावला. "मी वाट बघितली ला."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी ऐकून घेतला असता आणि मोकळी झाले असते. ओंगनी त्यांचं कापड खिशात घातलं आणि बाहेर निघून गेले. मी म्हटलं, "चुकले मी." तिने मान हलवली, एक डबी उचलली आणि बाकीच्या तीन माझ्याकडे सरकवल्या. "ठेवा माझ्यासाठी," म्हणाली.

चाचण्या तिने पुन्हा दिल्या नाहीत. विभागप्रमुख झाली. पण महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारी यायची आणि तीनशे अठराची दहा काडतुसं मागायची, दहाच. मोठ्या माणसाने आवडीचं लोणचं पुरवून खावं तशी ती पुरवत होती. मी रजिस्टरमध्ये राखीव मालाचा नवा रकाना आखला होताच. पण मी कबुली दिली त्या दिवशी ती गेल्यावर मी अजून एक काम केलं. एक कागद फाडला, त्यावर '३१८ टॅन' लिहिलं आणि सेलोटेपने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. ओंगनी तो दुसऱ्या दिवशी पाहिला. टेपचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून बसवलं.

आठेक वर्षांनी मी नोकरी सोडली तेव्हा माझ्या जागी आलेल्या तरुण बाईंना खोली दाखवत होते. तो कप्पा केव्हाच रिकामा झाला होता. त्यांनी दार उघडलं, चिठ्ठी पाहिली आणि रजिस्टर चाळून म्हणाल्या, "इथे तर काहीच नाही. ही काढून टाकू का?"

"आधी जिचं नाव आहे तिला विचारा," मी म्हटलं आणि माझी किल्ली त्यांच्या हातात दिली.